चव लागेल असं

४ फेब्रुवारी

ह्यांच्या घशातली गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं. आता गळ्याला पुढून एक भोक आहे, श्वास त्यातून. नाकातून एक नळी पोटात गेली आहे, जेवण तिच्यातून. आवाज आणि गिळणं हळूहळू परत येईल, कदाचित. तोंडाला सध्या काही काम नाही. ह्यांच्या तोंडाला काम नाही असा दिवस येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

ही डायरी कंपनीने दिलेली. वर प्रेशर कुकरचं चित्र आहे. त्या कुकरचं माहितीपुस्तक मीच लिहिलंय, त्यामुळे हिच्यात लिहायचं तर मुद्देसूद लिहावं असं वाटतं.

मुद्दा पहिला : मी घाबरले आहे.

दुसरा मुद्दा सुचत नाही.

६ फेब्रुवारी

वॉर्डातून एक पांढरी पाटी आणि पुसता येणारं पेन मिळालं. मला वाटलं, हे लिहितील 'दुखतंय' किंवा 'घरी ने'. त्यांनी लिहिलं, 'अगं, काय खाल्लंस?'

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला हे काय सुचतंय?"

त्यांनी 'काय' खाली रेघ मारली.

हे आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवत होते. घरी आले की बूट काढायच्या आत सुरुवात व्हायची. कुठल्या थांब्यावर काय खाल्लं, सूप किती पातळ होतं, अंड्याच्या कडा कशा कुरकुरीत झाल्या होत्या, चहावाल्याने आलं ठेचलं की किसलं. रस्ता, अपघात, साहेबांची बोलणी, यातलं अवाक्षर नाही. मी टेबलाशी बसून इस्त्रीच्या नाहीतर मिक्सरच्या सूचना लिहीत हं हं करायचे. आता खाटेवर बसलेले ते आणि बाहेरून येणारी मी, म्हणजे सांगायची पाळी माझी, असा त्यांचा हिशेब असावा.

मी म्हटलं, "भात. डाळ."

खरं तर चहात बिस्किट बुडवलं होतं. त्यातलं अर्धं चहातच राहिलं. पण ते काही सांगण्यासारखं नव्हतं.

९ फेब्रुवारी

वन्सं रोज डबा पाठवतात. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. वयाने, आवाजाने आणि डब्याच्या आकारानेही थोरल्या. त्यांनी फोनवर विचारलं, "अगं, कालची भाजी कशी झाली होती?" मी म्हटलं, "छान." डबा घासून परत पाठवते. आमच्या इमारतीच्या वॉचमनचा कुत्रा अंगाने चांगला भरलाय.

बोटातली अंगठी साबणाच्या भांड्यात सापडली. हल्ली साबण फार बुळबुळीत येतात. कपाटात ठेवून दिली.

११ फेब्रुवारी

आजही 'काय खाल्लंस?' मी म्हटलं, भात, डाळ. त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'कालही तेच. नीट सांग. चव लागेल असं.'

मला राग आला. ज्याला घोटभर पाणी मिळत नाही त्याने दुसऱ्याच्या ताटाची चौकशी कशाला करायची? स्वतःचाच छळ. नर्सला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "सांगा की हो, एवढं विचारतायत तर." नर्सला काय, तिला तीन खाटा अजून बघायच्या होत्या.

१२ फेब्रुवारी

आज तयारीने गेले. कागदावर लिहूनच नेलं होतं. लाल भोपळी मिरची, गाजर, कांदा, बटाटा, प्रत्येकी चार, वरून तेलाचा हात, मंद आचेवर भाजणं, कडा काळपट होऊ लागल्या की बाहेर काढणं. खणखणीत आवाजात वाचलं. हे डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, जमलं.

मग पाटी. 'चार जणांचं केलंस? कोण आलं होतं?'

मी म्हटलं, "कोण येणार?"

'मग हे ओव्हनच्या पुस्तकातलं. शेवटचं पान.'

आमच्या प्रत्येक माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर 'करून पाहा' म्हणून एक पदार्थ असतो. तपमान इंजिनियर देतात, बाकीचं मी टेबलाशी बसून लिहिते. त्यातलं एकही मी करून पाहिलेलं नाही. ते पान कोणी वाचतं, अशी माझी कल्पनाच नव्हती. लोक पुस्तक खोक्यातून काढतात आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालतात.

हे म्हणे थांब्यावर गाडी उभी असली की वाचायचे. सगळी वाचली आहेत. व्हॅक्यूम क्लीनरचंसुद्धा.

"मग कधी बोलला नाहीत ते?" मी म्हटलं.

'तू लिहीत असायचीस.'

नंतर पाटी पुसून पुन्हा लिहिलं, 'काय खाल्लंस?' मी पिशवीची चेन उघडली, बंद केली. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढच्या वेळी पुरावा न्यावा लागतो. उद्या काहीतरी शिजवावं लागणार.

१३ फेब्रुवारी

एक बटाटा उकडला, खाल्ला, आणि खाल्ल्यावर लगेच लिहून काढला. ऑफिसातल्या पत्रकांच्या कागदांच्या अरुंद पट्ट्या घरी पडल्या होत्या, त्यांच्यावरच लिहिला. इथे उतरवून ठेवते.

एक बटाटा घ्या. दोन नकोत,
दुसरा कोण खाणार.
नीट धुवा. पहिल्या पाण्यात माती जात नाही,
तिची त्याची ओळख जुनी असते.
उकळत ठेवा. या वेळात करण्यासारखं काही नसतं,
तरी स्वयंपाकघर सोडून जाऊ नका.
सुरी अलगद आत गेली, की झाला.
सूचना : साल गरम असतानाच काढा. बोटं भाजतील.
बोटं भाजली की कळतं,
आपण घरीच आहोत.
मीठ लावा. खा.

वाचून झालं तेव्हा शेजारच्या खाटेवरचे केशकर्तनवाले काका कुशीवर वळले. त्यांच्या मानेचं ऑपरेशन झालंय, कुजबुजत बोलतात, पण बोलायचं थांबत नाहीत. म्हणाले, "कविता छान आहे."

मी म्हटलं, "सूचना आहेत."

"मग ओळी अर्ध्यावर का तुटल्यात?"

"कागद अरुंद होता."

ह्यांच्या ओठांच्या कडेने लाळ गळत होती. मी रुमाल घेऊन धावले. तेवढ्यात गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. 'एक घोट, अजून एक घोट' असं त्या दिवसभर म्हणतात म्हणून ह्यांनी पाटीवर त्यांचं नाव 'घोटबाई' ठेवलंय, आणि त्यांनी ते हसून मान्य केलंय. त्यांनी माझा रुमाल अडवला. "पुसू नका! तोंडाला पाणी सुटलंय ना, ते गिळू दे. हाच व्यायाम. काय वाचत होतात?"

"बटाटा."

"रोज वाचा," त्या म्हणाल्या. औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देतील की काय असं वाटलं.

१७ फेब्रुवारी

उपचाराचा भाग आहे म्हटल्यावर टाळता येत नाही. काल टोमॅटो. परवा अंडं. अंड्यावर लिहायला काही सापडेना, म्हणून दुसरं खाऊन पाहावं लागलं.

अंडं फुटताना एकच आवाज करतं
आणि पुढे काही म्हणत नाही.
माझ्या माहितीत असं वागणारं
दुसरं कोणी नाही.

काका म्हणाले, "हे वन्संवर आहे का?" वन्संना ते एकदाच भेटलेत.

आज पावावर लिहिलं. शिळा पाव तव्यावर गरम केला की वास आधी जिन्यात जातो, मग आपल्याकडे येतो. वरच्या मजल्यावरची बाई दार उघडून म्हणाली, "आले का हो ते घरी?" मी म्हटलं, नाही, पाव भाजतेय. तिला वाटलं असेल, ह्यांच्याशिवाय या घरात काही शिजत नाही. तसं ते खरंच होतं. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक तेच करायचे, आणि मी कुकरवर लिहायचे.

एकटीचा पाव भाजताना घर फार मोठं वाटलं. मग खाल्ला. मग तेवढं नाही वाटलं. हे कागदावर लिहिलं होतं, पण वॉर्डात वाचलं नाही.

२१ फेब्रुवारी

ऑफिसातून साहेबांचा फोन. मी रजेवर असले तरी केटलीची पुस्तिका हवीच. घरून लिहून दिली. एक ओळ चुकून गेली : 'पाणी उकळेपर्यंत जवळ थांबा. बरं वाटतं.'

साहेबांनी विचारलं, "कोणाला बरं वाटतं?"

मी म्हटलं, "केटलीला."

ते म्हणाले, "सुरक्षिततेच्या दृष्टीने ठीक आहे." छापायला गेली.

२५ फेब्रुवारी

पहिली परीक्षा झाली. निळं पाणी चमचाभर तोंडात देतात. ते अन्नाच्या वाटेने खाली गेलं तर उत्तम. श्वासाच्या वाटेने गेलं तर गळ्याच्या भोकातून निळं बाहेर येतं.

निळं बाहेर आलं.

खूप खोकले. चेहरा लालबुंद, आणि गळ्याखालच्या पांढऱ्या पट्टीवर निळा डाग. डॉक्टर म्हणाले, महिन्याभराने पुन्हा पाहू. तेव्हाही असंच झालं तर नाकातली नळी काढून पोटाला भोक पाडून तिथे कायमची नळी बसवू. "बरेच लोक तसे वर्षानुवर्षं छान राहतात," ते म्हणाले. छान या शब्दाचा असा वापर आमच्या कंपनीतसुद्धा कोणी करत नाही.

मी आज कांद्यावर लिहून नेलं होतं. पिशवीतच राहिलं.

२७ फेब्रुवारी

हे भिंतीकडे तोंड करून आहेत. व्यायाम नाही. घोटबाई दोनदा येऊन गेल्या. पाटी उशाशी कोरी.

काल विचारलं नाही. आजही विचारलं नाही.

घरी आले तर ओट्याजवळ उभं राहून काय करायचं ते समजेना. कोणी विचारणारच नसेल तर शिजवायचं कशाला? चहा केला. थंड झाला. आज वन्संचा डबा अख्खाच्या अख्खा कुत्र्याने खाल्ला.

मला ते भिंतीकडे तोंड केलेलं बघवत नाही.

१ मार्च

आज जरा विचित्र झालं. क्रमाने लिहिते.

मी नेहमीसारखी स्टुलावर बसले. काकांचं जेवणाचं ताट आलं होतं. ते कुजबुजले, "बाई, हातातली अंगठी कुठे गेली?" मी म्हटलं, साबणामुळे निघते, कपाटात ठेवलीय. हे वळले. आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग काकांकडे. काकांनी ह्यांच्याकडे पाहिलं. पुरुषांना सोन्याची फार काळजी.

मग ह्यांनी पाटी ओढली. 'काय खाल्लंस?'

तयारी नव्हती. तोंडातून खरं निघून गेलं. "काही नाही."

'काल?'

"काही नाही."

मला वाटलं, आता पुन्हा भिंतीकडे वळतील. ते हाताला जोर देऊन उठून बसले आणि नर्सला खूण केली, घोटबाईंना बोलवा. मी काही खाल्लं नाही म्हटल्याने ह्यांना व्यायामाचा जोर कसा आला, हे मला समजलं नाही. औषधाचा परिणाम असेल.

घोटबाई येईपर्यंत काकांनी आपलं ताट माझ्याकडे सरकवलं. "मला जात नाही आज. वाया जाईल." ताटात पाव, उकडलेलं अंडं आणि पातळ सूप होतं. वाया जाणं मला आवडत नाही, म्हणून घेतलं. मी पाव तोडला, तिकडे ह्यांनी जीभ टाळूला लावून थुंकी गिळली. मी अंडं खाल्लं, ह्यांनी पुन्हा गिळली. मी थांबले की तेही थांबायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे. कसा कोण जाणे, आमचा ताल जुळला होता. घोटबाई मोजायचं विसरल्या.

काका नंतर बिस्किटांचा अख्खा पुडा खाताना दिसले. जात नव्हतं म्हणे.

२ मार्च

भात केला. लहान पातेल्यात, पण व्यवस्थित. डाळसुद्धा. म्हणजे फेब्रुवारीत मी जे जे सांगितलं ते आता उशिराने खरं झालं.

झाकण उचललं की भात
सगळी वाफ तोंडावर सोडतो.
इतका वेळ अंधारात होता,
कोणीतरी बघायला आलं म्हणून.
चष्म्यावर धुकं येतं. ते पुसू नये.
आपण रडतोय की शिजवतोय
हे तेवढा वेळ
कोणाला सांगावं लागत नाही.

वॉर्डात वाचताना शेवटच्या ओळी चष्म्यातून दिसेनात. म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ह्यांनी पाटीवर लिहिलं, 'किती वाढून घेतलास?' मी म्हटलं, दोनदा. त्यांनी 'दोनदा' असं पाटीवर लिहून ठेवलं आणि दिवसभर पुसू दिलं नाही. डॉक्टरांना वाटलं, औषध दोनदा द्यायचं आहे. थोडा गोंधळ झाला.

९ मार्च

वन्संचा डबा आला. खाली नेताना वाटेत झाकण उघडून पाहिलं. घेवड्याची भाजी होती, वर लसूण परतून घातलेला. कुत्रा शेपटी हलवत समोर उभा. मी त्याला म्हटलं, "हे बघ, आज मलाच हवंय." तो जिन्यापर्यंत मागे आला. मला वाईट वाटलं, पण भाजी गरम होती.

वन्संना फोन करून सांगितलं, लसूण सुंदर परतला होता. पलीकडे एकदम शांतता. वन्सं शांत आहेत असं पहिल्यांदाच झालं. मग म्हणाल्या, "अगं, महिनाभर पाठवतेय. आज पहिल्यांदा त्यात काय होतं ते सांगितलंस." मी म्हटलं, मागचेही चांगलेच असणार. कुत्र्याकडे पाहून कळतं, हे बोलले नाही.

१६ मार्च

काका घरी गेले. जाताना ह्यांची दाढी करून दिली, गळ्याच्या पट्टीला धक्का न लावता. मला म्हणाले, "बाई, परवा वाचलंत ते कांद्याचं आता मला कोण वाचून दाखवणार?" मी ती कागदाची पट्टी त्यांना देऊन टाकली. माझी पहिली प्रत बाहेर गेली. ऑफिसची कुठलीच पुस्तिका कोणी असं मागून नेलेली नाही.

घोटबाईंशी जिन्यात बोलणं झालं. हे आता सांगितल्याच्या दुप्पट व्यायाम करतात म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "पण पाटीवर रोज मला एकच विचारतात. 'तिचं वजन वाढलं का?' मी म्हणते, मी तुमची घोटबाई, त्यांची नाही."

संसार सुरू झाल्यापासून माझ्या वजनावर बोलत आलेत. घशातून नळी गेली तरी सवय जात नाही. मी म्हटलं, सांगा त्यांना, वाढलंय. कपडे मध्यंतरी सैल झाले होते ते आता नीट बसतात. मला वाटत होतं वॉशिंग मशीनने सैल केले. पुस्तिकेत तशी सूचना घालणार होते.

अंगठी घालून पाहिली. राहते. साबण बदलला नाहीये.

२५ मार्च

दुसरी परीक्षा. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. खूप भीती वाटत होती. कशाची ते आता तरी स्पष्ट लिहावं. हे जगतील की नाही याची भीती नव्हती, डॉक्टरांनी तेवढं सांगितलं होतं. पोटाला नळी लागली तर हे पुन्हा भिंतीकडे वळतील आणि घरी आल्यावर बूट काढता काढता बोलणारा माणूस परत येणार नाही, ही भीती होती. मी एवढी वर्षं नुसतं हं हं केलं. मला ते अजून ऐकायचं आहे.

घोटबाई दार उघडून आल्या. हातात पांढरी पट्टी. पांढरीच. त्या पट्टी माझ्यासमोर उलटसुलट करून दाखवत राहिल्या. मग आम्ही दोघीही रडलो. बाकावर आणखी एक गृहस्थ बसले होते, ते उठून पलीकडे गेले.

उद्यापासून मऊ घास, चमच्याने, थोडे. पहिल्यांदा काय हवं असं विचारलं तर ह्यांनी लिहिलं, 'तिने काल खाल्लं ते.'

काल मी बटाटा खाल्ला होता. पुन्हा. दुधात कुस्करून.

२६ मार्च

सकाळी उठून बटाटा उकडला. सुरी अलगद गेली. साल गरम असताना काढली, बोटं भाजली. अगदी पुस्तिकेप्रमाणे.

ह्यांना ताठ बसवलं. घोटबाई म्हणाल्या, हनुवटी खाली, आता गिळा. पहिला चमचा तोंडात ठेवून ते बराच वेळ तसेच बसले. मला वाटलं, विसरले गिळायचं. डोळे मिटलेले होते. मग गळा वर गेला, खाली आला. खोकला नाही. तीन चमचे झाले. घोटबाईंनी टाळ्या वाजवल्या, नर्सनेही वाजवल्या, कशाला ते तिला माहीत नसावं.

ह्यांनी पाटी घेतली. मी पुढे झाले. दीड-पावणेदोन महिन्यांनी पहिला घास, माणूस काहीतरी म्हणेल.

'मीठ कमी.'

आणि उरलेली वाटी माझ्याकडे सरकवली. आवडलं नाही म्हणायचं तर सरळ म्हणावं. पण वाया जाणं मला आवडत नाही. त्यांच्याच चमच्याने मी वाटी संपवली. मीठ कमी होतं. शेवटचा घास होईपर्यंत ते माझ्याकडे एकटक पाहत होते, मग मागे उशीला टेकले आणि झोपले.

३० मार्च

दुपारी थोडी उशिरा पोचले. केटलीच्या पुस्तिकेची छापील प्रत घ्यायला ऑफिसात गेले होते. ती ओळ आहे. 'बरं वाटतं' ठळक अक्षरात आलंय. घरी येऊन भात-डाळ गरम करून खाल्लं, मग निघाले.

वॉर्डात घोटबाई ह्यांच्या गळ्याच्या भोकावर झाकण बसवत होत्या. छोटंसं, पेनाच्या टोपणाएवढं. म्हणाल्या, हवा आता वर जाईल, आवाज फुटायला हवा, बोला काहीतरी. हे नुसते बसले. घोटबाई म्हणाल्या, "आकडे म्हणा. एक, दोन. नाहीतर स्वतःचं नाव." ह्यांनी मानेनेच नाही म्हटलं. पाटी त्यांनी स्वतःच उलटी करून गादीवर ठेवली आणि माझी वाट पाहत राहिले, असं मला नंतर नर्सने सांगितलं.

मी दारातून आत आले. पिशवी स्टुलावर ठेवली. पुस्तिका काढून दाखवणार होते.

आवाज ओळखू येत नव्हता. पत्रा घासल्यासारखा, आणि हवाच जास्त. पण शब्द स्पष्ट होता.

"जेवलीस?"

एवढ्या दिवसांनी आवाज फुटला, आणि माणसाने हे विचारावं. घोटबाई खिडकीकडे वळून डोळे पुसायला लागल्या. मी तिथेच उभी राहिले. फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या पाट्या एकामागून एक आठवल्या आणि पिशवी बाजूला करून मी स्टुलावर बसले.

मी म्हटलं, "हो."

मग त्यांचे बूट खाटेखालून काढले, त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, "आता तुम्ही सांगा."